भुंकण्याची तक्रार केलीत, दार कुणी वाजवलं?

सोसायटीच्या ग्रुपवर दुपारी ठराव आलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा कुत्रा "आक्रमक" आहे, महिन्याच्या आत त्याला हलवा. खाली अंगठ्यांची रांग. वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आजी एकट्या राहतात, इन्सुलिन घेतात. परवा रात्री जेवण अर्धंच गेलं, इन्सुलिनचा डोस मात्र नेहमीचाच घेतला. काल पहाटे शुगर घसरली. तीनच्या सुमारास बंड्या भुंकायला लागला. ग्रुपवर लगेच सुरू: "झोपू द्या जरा", "कुत्रा आवरा", "चेअरमनसाहेब, दखल घ्या". साडेसहाला कामाच्या मावशींनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या, घामाने चिंब, आणि बंड्या त्यांच्यावर पाय रोवून उभा. मावशींच्या आरडाओरड्याने मजल्यावरचे सगळे आत घुसले. बंड्या गुरगुरला. वॉचमनने काठी घातली. मग तो चावला.

आजी दवाखान्यात आहेत, आता बऱ्या आहेत. ठराव बंड्यावर आलाय. तीन ते साडेसहा स्वतःच्या गादीवर पडून फोनवर टाइप करणाऱ्यांवर नाही.

बंड्याला नेमकं काय कळलं असेल? कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी २० ते ३० कोटी असतात, आपल्याकडे ५०-६० लाख. शुगर उतरली की श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं, हे केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये मोजून दाखवलं; कुत्र्यांना तोच वास येत असावा असा त्यांचा अंदाज. नुसत्या ताणानेही माणसाच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो, आणि शिकवलेले कुत्रे तो ओळखतात, हे बेलफास्टमध्ये २०२२ साली दिसलं. बंड्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्याला वास आला, की हाक मारूनही आजी उठेनात म्हणून तो घाबरला, मला दोन्ही सारखंच. घरात काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं आणि त्याने ते साडेतीन तास ओरडून सांगितलं.

हो, मान्य, प्रत्येक कुत्रा असं करत नाही. कॅनडात २००६ मध्ये एका प्रयोगात मालकांनी छातीत कळ आल्याचं सोंग करून मैदानात अंग टाकलं, तर कुत्रे शेजारी बसलेल्या माणसाकडे मदतीला गेलेच नाहीत. आणि मांजर दिसल्यावरचं भुंकणंही भुंकणंच असतं. पण मांजरावरचं भुंकणं आणि कालचं भुंकणं यातला फरक ऐकू येतो. रस्त्यावर कुणी दिसलं की कुत्रा खिडकीशी जाऊन भुंकतो, तो माणूस गेला की थांबतो. घरात कुणी पडलं असेल तर आवाज घरातून फिरतो: दाराशी, मग आत, परत दाराशी. मधे कुं-कुं, दारावर नखं. रोजच्या वेळेला नसतो आणि कुणी दटावलं तरी थांबत नाही. मालकाचा "गप रे" ऐकू येत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. एवढं ऐकल्यावर ग्रुपवर लिहायचं नसतं. जिना चढायचा, बेल वाजवायची, उत्तर नाही आलं तर किल्ली कुणाकडे आहे ते बघायचं.

आता दार उघडल्यावर काय करायचं ते लिहिते, कारण काल तिथे एकालाही ठाऊक नव्हतं.

पडलेल्या माणसावर उभा असलेला कुत्रा पिसाळलेला नसतो, तो पहारा देत असतो. अंग ताठ, शेपटी थिजलेली, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं, ओठ चाटतो, मग गुरगुरतो. गुरगुरणं ही सूचना आहे. ती ऐकून थांबलात तर बहुतेक वेळा चावा टळतो. आत एकानेच जायचं, कुत्र्याच्या ओळखीच्या माणसाने. बाकीच्यांनी बाहेर जिन्यात थांबून १०८ ला फोन लावायचा. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, त्याच्या अंगावर वाकायचं नाही, समोरून चालून जायचं नाही. अंग तिरकं ठेवून, हळू, त्याच्या नावाने बोलत. खाऊ टाकायचा तो रुग्णापासून लांब, दुसऱ्या खोलीच्या दिशेने, एकामागून एक तुकडे. रुग्णाजवळ खाऊ पडला तर तो राखायला आणखी एक कारण मिळतं. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घालायचा नाही, हमखास चावा तिथेच बसतो. साखळीऐवजी कापडी लीश असेल तर तिचं टोक तिच्याच मुठीतून ओवून फास करायचा, लांबून डोक्यावरून सोडायचा, खोलीत नेऊन दार लावायचं. काहीच जमत नसेल तर प्लायचा तुकडा किंवा मोठं खोकं उभं धरून रुग्ण आणि कुत्रा यांच्या मधे सरकवायचं. काठी कधीच नाही. काठी उगारली की त्याचा संशय खरा ठरतो.

आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, पाणी, काहीही घालायचं नाही. काल एकजण ग्लास घेऊन धावले होते. गिळणं बंद असतं, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा, १०८ ला "डायबेटिस आहे, इन्सुलिनवर आहेत" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तरच १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात. १५ मिनिटांनी परत मोजायचं. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच.

वॉचमनदादांबद्दल मात्र मला वाईट वाटतं. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, "मारा, मारा" ओरडणारे मागे उभे होते. चावा खरा आहे, रक्त आलंय. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची असते. काल हळद भरली. रक्त आलेल्या चाव्याला लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि दंडात लस घेत असतील तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. बंड्याचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं आहे, तरी कोर्स सुरू करायचाच. त्याचा खर्च आणि भरपगारी सुट्टी सोसायटीने द्यावी. हा ठराव आणा, पहिली सही माझी.

ज्यांच्या घरी एकटं माणूस आणि कुत्रा आहे त्यांनी तयारी आजच करा. इमारतीतली दोन माणसं अशी हवीत की जी कुत्र्याला आठवड्यातून एकदा तरी फिरवतात, आणि किल्ली त्यांच्याकडे. लीश दाराच्या आतल्या खिळ्याला, कपाटात नाही. दारावर कागद: कुत्र्याचं नाव, कोणत्या शब्दाला ऐकतो, लस कधी झाली, घरातल्याचा आजार कोणता. "सतरंजीवर" ही एक आज्ञा पक्की करा. सुरुवातीला पाच सेकंद बसला की खाऊ, मग अर्धं मिनिट, मग बेल वाजवून, मग घरातलं माणूस जमिनीवर आडवं पडून, आणि शेवटी आडव्या माणसाजवळ अनोळखी माणूस येऊन. बहुतेकजण बेलपर्यंत येऊन थांबतात. खरा प्रसंग नेमका पुढच्या दोन पायऱ्यांवर घडतो. तोंडावर बांधायच्या जाळीच्या मझलची सवयही शांतपणी लावायची: आत दही लावून, रोज थोडं, त्याने स्वतः तोंड घालेपर्यंत पट्टा आवळायचा नाही.

काहीजण विचारतील, बंड्याला शुगर ओळखायला शिकवता येईल का. प्रयत्न करता येतो. शुगर ७० च्या खाली गेली की आजी साखर घेत असताना जवळ असलेल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या मानेचा घाम स्वच्छ कापसाने टिपायचा, काचेच्या बाटलीत बंद, वर तारीख आणि आकडा, फ्रीझरमध्ये. मग सारखे तीन डबे, झाकणाला भोकं, एकात हा कापूस, दोनात त्याच माणसाचा शुगर नीट असतानाचा घाम. बरोबर डब्याशी थांबला की खाऊ. फसतं कुठे? एकच कापूस पुन्हा पुन्हा वापरला की कुत्रा तो कापूस पाठ करतो, आजार नाही. बाकीच्या डब्यांत कोराच कापूस ठेवला तर तो फक्त "घाम आहे" एवढंच शिकतो. डबा मांडणारा समोर उभा राहिला की कुत्रा त्याचं तोंड वाचतो. आणि कितीही तयार झाला तरी निर्णय ग्लुकोमीटरवरच. शिकवलेल्या कुत्र्यांचेही निकाल फार कमीजास्त असतात. इन्सुलिनचा डोस कुत्र्याच्या भरवशावर ठरवायचा नाही.

राहिला तुमचा ठराव. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. प्राण्याला मारहाण करणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मला वॉचमनदादांना त्यात ओढायचं नाही, पण ग्रुपवर आणखी एकदा "हलवा" आलं तर हे कागद प्रिंट करून नोटीसबोर्डावर लावेन.

बंड्या सध्या मावशींच्या घरी आहे. पाठीवर काठीचा वळ आहे. कुणी जवळ गेलं की शेपटी हलवतो आणि दाराकडे बघतो. कालपासून नीट खाल्लेलं नाही. त्याला भेटायला जाणार असाल तर उकडलेलं अंडं न्या, बिस्किटं नकोत.

रविवारी सकाळी सात वाजता गच्चीवर या. पडलेल्या माणसाजवळून कुत्रा कसा बाजूला घ्यायचा ते करून दाखवते. जमिनीवर आडवं पडायला एक माणूस आणि एक मोठं खोकं लागेल. कुत्रा नसलेल्यांनी तर नक्कीच यायचं, कारण कुलूप उघडल्यावर आत तुम्हीच जाणार आहात. चेअरमनसाहेब, तुम्हीसुद्धा.