डीडीचा आकडा डिस्कचा नसतो

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून माझ्याकडे आला. मजकूर थोडक्यात असा: "एकच लॅपटॉप, एकच साटा एसएसडी. लिनक्सवर डीडीने 1 जीबीची फाईल लिहिली, वेग सेकंदाला 2.1 जीबी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं, वेग 530 एमबी. म्हणजे तुमच्या डिस्कचा तीन चतुर्थांश वेग विंडोज खातं. वेगळं सॉफ्टवेअर नकोच, ही एक कमांड खरं ते सांगते. आकडा जितका मोठा तितका संगणक वेगवान. आता हीच कमांड 20 जीबीसाठी चालवा. आकडा निम्म्याखाली आला तर एसएसडी डुप्लिकेट, लगेच परत करा."

डीडी ही लिनक्सवरची डेटा कॉपी करणारी कमांड, आणि क्रिस्टलडिस्कमार्क हे विंडोजवरचं डिस्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर. मी याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण गुरुवारी भाचीचा फोन आला. "मामा, माझी एसएसडी डुप्लिकेट निघाली. पार्सल बांधून ठेवलंय, उद्या माणूस न्यायला येतोय." तिने उबुंटू लिनक्सवर 20 जीबी लिहून पाहिले होते, आकडा 190 एमबी आला होता. तीन वर्षं मी लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर डिस्कचा वेग मोजणारं एक छोटं टूल लिहितोय, त्यामुळे यातली प्रत्येक खाच माझ्या ओळखीची आहे. म्हणून हे उत्तर.

आधी तो 2.1 जीबी. साटा म्हणजे डिस्क संगणकाला जोडायची पद्धत. तिच्या तिसऱ्या पिढीची तार सेकंदाला 6 गिगाबिट वाहते. तिच्या सांकेतिक पद्धतीत दर 8 बिटांमागे 10 बिट पाठवावे लागतात, म्हणून हातात जास्तीत जास्त 600 एमबी येतात. इतर खर्च वजा जाता चांगली साटा डिस्क 550च्या आसपास थांबते. मग त्याच तारेतून 2.1 जीबी गेले कसे? ते गेलेच नाहीत. डीडीने डेटा लिनक्सच्या स्वाधीन केला, लिनक्सने तो रॅममधल्या पेज कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवला आणि "झालं" म्हणून सांगितलं. बँकेत चेक भरल्यावर पावती लगेच मिळते, चेक वटायला वेळ लागतो. फॉरवर्डातला आकडा पावती फाडण्याचा वेग आहे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एका टर्मिनलमध्ये प्रॉक डिरेक्टरीतल्या मेमइन्फो फाईलची 'डर्टी' (डिस्कवर अजून न उतरलेला डेटा) ही ओळ दर सेकंदाला छापत ठेवा आणि दुसऱ्यात ती कमांड चालवा. डीडी अर्ध्या सेकंदात मोकळं होतं, पण 'डर्टी'चा आकडा तोवर एकदम फुगलेला असतो आणि पुढचे दीड-दोन सेकंद हळूहळू उतरत जातो. डिस्क त्या वेळात लिहीत असते. डीडी संपल्याबरोबर, रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवणारी 'सिंक' कमांड चालवून तिचा वेळ मिळवला की माझ्या साटा डिस्कवर बेरीज दोन सेकंदांच्या थोडी वर जाते. 1.07 जीबीला (कमांडीतला 1 जीबी दशमान हिशेबात एवढा भरतो) त्याने भागा: पाचशे एमबीच्या आतबाहेर. विंडोजवरही तेवढेच आले होते.

फॉरवर्डातली कमांड शून्यं लिहिते, हा आणखी एक घोळ. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सवर 34व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2021पासून, बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम आपोआप कॉम्प्रेशन करते, आणि शून्यांची रांग दाबली की जवळजवळ काहीच उरत नाही. त्याच फेडोरावर टेंप फोल्डर रॅममध्येच असतो. तिथे फाईल लिहिली तर डिस्कला कळतसुद्धा नाही.

विंडोज वेग खातं हा दावा इथेच निकालात निघतो, कारण दोन्ही आकडे वेगळ्याच गोष्टींचे आहेत. क्रिस्टलडिस्कमार्कच्या पोटात मायक्रोसॉफ्टचं डिस्कस्पीड चालतं, आणि ते विंडोजची कॅशे बाजूला ठेवून थेट डिस्कशी बोलतं. लिनक्सवर तसंच करायचं तर डीडीला 'डायरेक्ट' हा पर्याय द्यावा लागतो, किंवा सरळ एफआयओ हे वेग मोजणारं टूल वापरावं. मी माझ्या ड्युअल बूट लॅपटॉपवर एफआयओ दोन्हीकडे एकाच मापाने चालवलं: तुकडा 1 एमबीचा, रांगेत 8 मागण्या, डेटा रँडम, कॅशे बंद. दोन्ही आकडे पाचशेच्या वर आले. फरक दोन-तीन टक्क्यांचा होता, आणि तेवढा तर लागोपाठच्या दोन चाचण्यांतही पडतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. हजारो बारीक फाईली उघडायच्या, बंद करायच्या, पुसायच्या असं काम असेल, उदाहरणार्थ गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनातून मोठ्या प्रकल्पाच्या सगळ्या फाईली डिस्कवर उतरवायच्या असतील, तर विंडोज खरोखरच मागे पडतं. फाईल उघडली की तिथे विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर ती तपासतो, आणि फाईल सिस्टीमवर बसलेले इतर फिल्टरही आपापला वेळ घेतात. लिनक्सच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा मांडा, तो भक्कम आहे. पण तो डिस्कच्या वेगाचा नाही.

"वेगळं सॉफ्टवेअर नकोच" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. 'लिहिलं' या शब्दाचा अर्थ तिन्ही सिस्टीमांवर वेगळा आहे, हे माझं टूल लिहिताना मला महिनोन्‌महिने शिकावं लागलं. लिनक्सवर फाईल ओ-डायरेक्ट या पर्यायाने उघडली की पेज कॅशे टळते, पण मेमरीतला पत्ता, फाईलमधली जागा आणि लांबी हे तिन्ही डिस्कच्या ब्लॉकच्या पटीत लागतात, कुठे 512 बाइट तर कुठे 4096. एक बाइट इकडेतिकडे झाला की विनंतीच फेटाळली जाते. विंडोजवर 'नो बफरिंग' हा फ्लॅग तेच काम करतो आणि त्याच अटी घालतो. पण तिथे वेगळीच मेख आहे: फाईल वाढत असताना केलेलं लेखन तुम्ही असिंक्रोनस (पूर्ण व्हायची वाट न पाहता) मागितलं तरी विंडोजची फाईल सिस्टीम एनटीएफएस ते सिंक्रोनसच (वाट पाहायला लावून) करते. म्हणजे रांगेत 32 मागण्या टाकल्या तरी त्या एकामागून एकच सुटतात, आणि डिस्क बिचारी मंद ठरते. त्यामुळे आधी फाईल पूर्ण भरून घ्यायची आणि मगच घड्याळ लावायचं.

मॅकवर ओ-डायरेक्ट नाहीच. तिथे फाईल उघडल्यावर 'एफ-नोकॅशे' सांगावं लागतं, आणि जे आधीच कॅशेत बसलंय ते तिथून वाचलं जाण्याची शक्यता राहतेच. त्याहून मोठी गोष्ट एफसिंकची, म्हणजे फाईलचा डेटा डिस्कवर उतरव असं सांगणाऱ्या आज्ञेची. मॅकवर एफसिंक डेटा डिस्कपर्यंत पोचवतं, पण डिस्कच्या स्वतःच्या बफरातून पुढे तो कायमचा उतरला की नाही याची हमी देत नाही. अ‍ॅपलच्या मॅन्युअल पानावरच हे लिहिलंय, आणि पक्की हमी हवी तर 'एफ-फुलएफसिंक' वापरा असंही सांगितलंय. माझ्या टूलच्या पहिल्या आवृत्तीत तिन्हीकडे नुसतं एफसिंक होतं. त्यामुळे छोट्या लेखनांत मॅक सगळ्यांच्या कितीतरी पुढे दिसायचं. एक ओळ बदलली आणि ती आघाडी गेली. तेव्हापासून प्रत्येक निकालाखाली मी छापतो: कॅशे चालू की बंद, सिंक कुठला, तुकडा केवढा, रांग किती, डेटा कसला. हे सोबत नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये, माझ्या टूलचा असला तरी.

आता "मोठा आकडा म्हणजे वेगवान संगणक". संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना डिस्ककडून सलग गिगाबाइट मागितले जात नाहीत. इथून 4 केबी, तिथून 4 केबी, असं चालतं, आणि पुष्कळदा एक हातात आल्याशिवाय दुसरं मागताच येत नाही. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेरीलाच 4 मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकायचे आठ-नऊ मिळवा: सेकंदाला जेमतेम 80 वाचनं, म्हणजे एमबीचा एक तृतीयांश. एसएसडीला तेच वाचन 100 मायक्रोसेकंदांत जमलं तर सेकंदाला 10,000 वाचनं होतात, म्हणजे 41 एमबी. सलग वाचनात साटा एसएसडी हार्ड डिस्कच्या तीन-चार पट दिसते, या कामात शंभर पटींहून जास्त. म्हणून जुन्या लॅपटॉपला साधी साटा एसएसडी बसवली तरी माणसाला तो नवा वाटतो. तिथून पुढे सेकंदाला 3500 एमबीचा आकडा छापलेली एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी, घेतली तर मोठे व्हिडिओ हलवणाऱ्याला फायदा आहे, हिशेब आणि पत्रं लिहिणाऱ्याला फारसा जाणवणार नाही. क्रिस्टलडिस्कमार्कच्या तक्त्यात सगळ्यात छोटा आकडा असतो तो 4 केबी, रांग 1, थ्रेड 1 (एका वेळी एकच मागणी) या ओळीचा. मी आधी तीच ओळ बघतो.

राहिली डुप्लिकेटची गोष्ट, ज्यापायी भाचीचं पार्सल बांधलं गेलं. 20 जीबी लिहिताना आकडा दोनदा घसरतो. लिनक्स सहसा उपलब्ध मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंतच न उतरवलेला डेटा रॅममध्ये साठू देतं, मग लिहिणाऱ्याला थांबवतं. तिथे पहिली घसरण, आणि तिचा डिस्कशी संबंध नाही. दुसरी घसरण डिस्कच्या आतली. आजच्या एसएसडीत एका सेलमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या कप्प्यात, 3 किंवा 4 बिट साठवतात, आणि ते लिहायला वेळ लागतो. म्हणून काही सेल तात्पुरते एकेक बिटाने, झटपट भरले जातात. ती जागा संपली की खरा वेग दिसतो. सॅमसंगने 860 क्यूव्हीओच्या 1 टीबी डिस्कबद्दल स्वतःच जाहीर केलं होतं की 42 जीबीची ही झटपट जागा भरल्यावर लेखन 80 एमबीवर येतं. ती डिस्क अस्सल आहे.

खोट्या डिस्का बाजारात आहेतच, पण त्यांचा बहुतेक खोटेपणा क्षमतेत असतो: पाटी 1 टीबीची, आत त्याच्या कितीतरी कमी. तो पकडायला सगळी जागा भरून परत वाचून ताडावी लागते. लिनक्सवर एफ-थ्री आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हेच करतात. आणि डिस्क आजारी असल्याची शंका असेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या नोंदी, पाहा. त्यातली 199 क्रमांकाची सीआरसी (वाटेत डेटा बिघडल्याची) नोंद वाढत असेल तर डिस्कच्या आधी केबल बदला.

भाचीला मी फोनवरच विचारलं, "डिस्क किती भरलीये?" 480 जीबीपैकी 31 मोकळे होते. बाकी कॉलेजच्या व्हर्च्युअल मशीनच्या जुन्या इमेजेस. बऱ्याच एसएसडींत ती झटपट जागा रिकाम्या सेलांतूनच काढतात, त्यामुळे डिस्क भरत जाते तशी ती आक्रसते. तिने इमेजेस पुसल्या, पुसलेली जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणारं एफएसट्रिम चालवलं आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी एफआयओने कॅशे बंद करून 20 जीबी रँडम डेटा लिहिला: 430 एमबी. स्मार्ट नोंदीही स्वच्छ निघाल्या. पार्सल न्यायला माणूस अकराला आला, तेव्हा तो डबा उघडून रिकामा ठेवलेला होता.