पेटी घेऊन कुणी आलंच तर

देणग्या देणाऱ्या संस्थेचे ट्रस्टी झालात, अभिनंदन. आता नवी मुंबईतल्या घणसोली, करावे, दिवाळे अशा एखाद्या गावातून कुणीतरी तुमच्याकडे येणारच. या पत्र्याच्या पेटीत आमच्या आगरी-कोळ्यांचे जुने कागद आहेत, ते नीट संपादित करून छापायचेत, तर मदत करा म्हणेल. दचकू नका. 'नाही' म्हणायची वेळ सहसा येत नाही.

आधी फॉर्म द्या. ऑनलाइन आणि इंग्रजीत. तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद मागा, आयकर सवलतीचे दाखले मागा, १२ अ मागा, ८० जी मागा. पत्र्याच्या पेटीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसते, त्यामुळे निम्मं काम इथेच होतं. गडी तरीही टिकला, तर म्हणा, खर्च आधी तुम्ही करा, बिलं लावा, मार्चनंतर बघू.

पैसे द्यावेच लागले तर स्कॅनरला द्या. स्कॅनर दिसतो, त्यावर दात्याचं नाव चिकटवता येतं. लिप्यंतराला मात्र चुकूनही नको. मोडी वाचणारा माणूस पानामागे पैसे मागतो आणि दिवसभर बसून एका पावतीवरचं एक नाव लावतो. त्याचा फोटो काय काढणार? (२०२३ मध्ये न्या. शिंदे समिती मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा या मंडळींना अचानक भाव आला होता. पण तिथे प्रश्न जातीच्या दाखल्याचा होता. इथे नुसताच इतिहास आहे.)

कुणी विचारेल, मुंबई सरकारच्या पैशातून पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी ते केले, मग आमचा एक का नाही? शांतपणे सांगा, त्यांच्याकडे कागद होते, तुमच्याकडे आठवणी आहेत. हे बोलताना पेटी टेबलावर असेल तर जरा बाजूला सरकवा. आत मिठागरांचे हिशेब असतात, खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाचे करार असतात, सिडकोसाठी जमीन गेली तेव्हाच्या नोटिसा असतात, १९८४ च्या जासईच्या आंदोलनाची पत्रकं असतात. आजवर या कागदांचं सर्वांत काटेकोर वाचन केलंय ते जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर डोळा ठेवून बसलेल्या दलालांनी. वारसांची नावं त्यांच्याइतकी अचूक कुणालाच लागत नाहीत. संपादक म्हणून त्यांनाच नेमा, असं एकाने मला सुचवलं होतं. फार चुकत नव्हता.

संपादक नेमाल तो बाहेरचा आणि पीएचडी असलेलाच नेमा. गावातल्या माणसाला मानधन दिलं तर तो तज्ज्ञ ठरतो, आणि मग पुढच्या वेळी तो मतही देतो. त्याला शाल-श्रीफळ पुरे. एका करारात शब्द आला, 'उघाडी'. आमच्या विद्वानांनी तळटीप लिहिली: 'उघड्यावरची पडीक जागा असावी.' शेजारी बसलेली आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "आरं बाला, ती पानी सोराची उघारी." बांधातली झडप. भरतीला मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडते. तिच्या नवऱ्याने तीस वर्षं ती राखली होती. छापताना टीप तीच राहिली, कारण आजीचा संदर्भ कसा द्यायचा ते नियमात बसेना.

अमेरिकेचं कुणी ऐकवेल. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या कागदांचे खंड तिथे १९५० पासून निघताहेत हे खरं. पण पुढे सरकारी आयोगाने आणि मेलन फाउंडेशनने कृष्णवर्णीयांच्या, मूलनिवासींच्या इतिहासाच्या आवृत्त्यांसाठी वेगळे पैसे काढले, हा भाग ऐकू आला नाही असं दाखवा. त्यापेक्षा घरचा आदर्श बरा. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली आला. लोक आजही ते खंड मागत येतात. आणि छपाई का रखडली हे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला आपणहून विचारावं लागलं. मागणी असलेल्यांची ही गत, तर तुमचं खाजण कुठे बसलंय!

प्रकाशन समारंभात मात्र हात आखडता घेऊ नका. वाशीचं भावे नाट्यगृह घ्या, फेटे बांधा, कोळीगीत ठेवा. आजीला आदल्या दिवशी आठवणीने फोन करा. म्हणावं, पेटी घेऊन या, स्टेजवर ठेवायचीय. रिकामी असली तरी चालेल.