पेंटबॉलच्या डॉट साइटला टिकाऊपणा कशाला हवा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पेंटबॉल या रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळातल्या डॉट साइटवर, म्हणजे काचेत उजेडाचा ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या साधनावर, मी लेख लिहिला होता; त्याबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. मार्करला (पेंटबॉलच्या बंदुकीला) रायफलसारखा धक्का नसतो, त्यामुळे टिकाऊपणाची चर्चाच फोल. तीस-चाळीस डॉलरची उघडी रिफ्लेक्स साइट पुरते. आणि बंद नळीची साइट सुचवून मी नवख्या पोरांना खर्चात पाडतोय. तिसरा आक्षेप मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धक्क्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. मार्कर दाबलेल्या हवेवर किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालतो, म्हणून खोक्यावर छापलेल्या ‘१००० जी’सारख्या, धक्का सोसण्याच्या क्षमतेच्या आकड्यांना मी लेखात थारा दिला नव्हता. पण इथे साइटला मार बसतो तो समोरून. ०.६८ इंची पेंटबॉल साधारण ३ ग्रॅमचा, आणि बहुतेक मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला २८० ते ३०० फूट. म्हणजे बॅरलमधून निघताना गोळीत ११-१२ ज्यूल ऊर्जा असते. त्यात आडोशाआडून डोकावलं की आपला मास्क आणि मार्कर एवढंच बाहेर दिसतं, साहजिकच सगळ्या गोळ्या तिथेच येतात. जवळून बसलेली एक गोळी साध्या काचेला तडा द्यायला पुरेशी असते.

उघड्या रिफ्लेक्सचं खरं दुखणं मात्र काच फुटण्यापेक्षा साधं आहे. तिच्यात खालच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो आणि त्याचा उजेड पुढच्या काचेवरून परतून आपल्याला ठिपका दिसतो. मधली जागा उघडी. तिथे रंगाचा एक थेंब पडला की ठिपका गायब होतो, नाहीतर फिसकटून चांदणीसारखा पसरतो. त्या खाचेत हातमोज्यातलं बोट जात नाही, आणि पुसायला जावं तर चिकट रंग आणखी लिंपला जातो. तेवढा डाव तुम्ही साइटशिवायच खेळता. आम्ही न्यू जर्सीहून पेन्सिल्व्हेनियात जिम थॉर्पला स्कर्मिश या पेंटबॉल मैदानाच्या जंगलात खेळायला जातो. तिथे पाऊस झाला की रंगाच्या जोडीला चिखलही असतो. बंद नळीला दोन्ही टोकांना काच असते. बाहीने एकदा पुसली की काम झालं.

आता खर्च. महागडी नळी घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. साध्या बंद नळीपुढे पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती लावा, मार ती खाईल आणि फुटली तर बदलता येईल. ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका; आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तो शिक्का बघा. दुकानात साइट चालू करून तळहातावर ठोका. ठिपका लुकलुकला तर बॅटरीचा संपर्क ढिला आहे, तिथल्या तिथे परत द्या. ठिपका २ एमओएचा (हे ठिपक्याच्या आकाराचं माप) की ४ चा, यात वेळ घालवू नका. पेंटबॉल स्वतःच इतका फाकतो की तो फरक दिसतही नाही.

साइट मार्करवर बसवायच्या माउंटकडे मात्र कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मास्कमुळे गाल मार्करला टेकत नाही आणि मधोमध हॉपर (गोळ्यांचा डबा) असतो, म्हणून साइट उंच किंवा बाजूला बसवावी लागते. जितकी उंच, तितकी पडल्यावर माउंटवर ताण जास्त. जुन्या धाटणीच्या मार्करमध्ये जड बोल्ट (आतला सरकता दांडा) पुढे-मागे आदळतो, त्या थरथरीने स्क्रू सैल होतात. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. डाव सुरू होण्याआधी रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू फिरलाय हे लगेच कळतं.

साइटशिवायही उत्तम खेळता येतं, हे तुमचं वाक्य मला मान्य आहे. हवेचा विरोध धरला नाही तरी ३० मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त खाली येते, त्यामुळे गोळी कुठे जाते ते बघत नेम सुधारणं शिकावंच लागतं. पैसे मोजकेच असतील तर आधी वाफ न धरणारा दुहेरी काचेचा मास्क घ्या, साइट नंतर.

तुमच्या रिफ्लेक्सपुढे काही संरक्षण लावलंय का? कोणत्या मापाचं बसलं ते कळवलंत तर लेखात त्याची भर घालतो.