पेशवाईच्या अलीकडचं काही आहे का?

१८१८ साली पेशवाई बुडाली ही इंग्रजांनी उठवलेली अफवा असावी. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दर बुधवारी आणि रविवारी ती पथारीवर मांडलेली असते. अडकित्ता उचलला की तो नाना फडणवीसांचा. दौत उचलली, तीही त्यांचीच. एवढं सुपारी कातरून नानांना कारभाराला वेळ कधी मिळाला, हे विचारायचं नसतं. विचारलं की भाव वाढतो.

जुन्या वस्तू जमवायला अभ्यास लागतो म्हणतात. त्याआधी अभिनय लागतो. हवी असलेली वस्तू सोडून बाकी सगळीकडे बघायचं. मला एक पितळी समई आवडली होती, वर मोर असलेली. म्हणून मी शेजारचा गंजका पाना उचलला, उलटसुलट केला आणि जांभई देत विचारलं, "हा केवढ्याला?"

"पाना चाळीस," पथारीवाला तंबाखू मळत म्हणाला. "अन् मघापासून तुम्ही जिच्याकडं बघत नाही, ती समई बाराशे."

"किती जुनी?"

"दोनशे वर्षं कुठं गेली नाहीत, साहेब."

मी कायदा काढला. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो. त्यानं समईकडे एकवार नीट पाहिलं.

"मग नव्व्याण्णव धरा."

एका दमात समईची एकशे एक वर्षं उतरली. बाराशेतला रुपया उतरला नाही.

मी विचारात पडलोय असं पाहून त्यानं फडक्यातून एक चांदीचा रुपया काढला. एका बाजूला मुकुटवाल्या राणीबाई आणि 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' अशी अक्षरं, दुसऱ्या बाजूला साल १८४०. आता बाईंना हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं ते १८७७ च्या दिल्ली दरबारात. १८४० च्या खऱ्या रुपयावर नुसतं 'क्वीन' असतं. हे मी त्याला सविस्तर सांगितलं. त्यानं मान डोलावत ऐकून घेतलं.

"त्यांना आधी कळलं असेल, साहेब. राणीच ती."

त्याच फडक्यात कंपनी सरकारचं म्हणून एक तांब्याचं नाणंही होतं, वर चक्क रामदरबार. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही. पण ते तांदूळ ओढून घेतं अशी त्याची ख्याती, आणि त्यापायी लाखो रुपये घालवणारी माणसं आहेत. "कुठला तांदूळ?" मी विचारलं. "इंद्रायणी," तो अजिबात न अडखळता म्हणाला. इतक्या तयारीच्या माणसाचा मला आदर वाटतो.

या छंदातलं माझं दैवत म्हणजे दिनकर केळकर. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या संग्रहालयात मी मस्तानी महालापाशी फारसा रेंगाळत नाही. मला ते अडकित्ते, दिवे आणि टाचा घासायच्या वज्ऱ्या बघायच्या असतात. तिथल्या वजरीवर पक्षी आहेत, घुंगरं आहेत. कुण्या बाईनं टाच घासताना ती वाजत असणार. कुठली बाई, कुणाची कोण, कुणाला पत्ता नाही, आणि नसलेलाच बरा. जुन्या बाजारात तीच वजरी काशीबाईंची झाली असती.

समई अखेर नऊशेला मिळाली. खाचांमधला हिरवा थर मी नखानं खरवडून पाहिला होता. नवसागराचं पाणी मारून आणलेला हिरवेपणा बोटाला लागतो. हा चांगला मुरलेला होता. जाणकार या थराला जिवापाड जपतात. समई स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून मी पाय धुवायला गेलो.

परत आलो तेव्हा आईच्या हातात चिंच होती आणि मोर लखलखत होता.

"आई! शंभर वर्षांचा थर होता तो!"

"शंभर वर्षं कुणी घासली नाही? कसली घरं म्हणायची ही!"

मग तिनं किंमत विचारली. सांगितल्यावर ती हसली. अशा दोन समया आजीनं मोडीत घालून स्टीलचं पिंप आणलं होतं म्हणे. तेव्हा सगळी आळी पितळ मोडीत घालत होती. ज्यांच्याकडे स्टील नाही त्यांच्या मुलींची लग्नं अडतील की काय, अशी परिस्थिती होती. पिंप अजून गच्चीवर आहे, त्यात आमची जुनी रद्दी असते.

आईनं समईत तेल घातलं, वाती लावल्या आणि ती देवापुढे ठेवली. मी तिच्यासाठी काचेचं कपाट बघून ठेवलं होतं, तो विषय मी काढला नाही.

"पुन्हा जाशील ना त्या बाजारात?" तिनं विचारलं.

"रविवारी."

"मग एक विळी बघ. जुनी नको. धार असलेली बघ."