ताटातली टक्केवारी

घास उचलला की समोरचा विचारतो, "हे अजून खाता तुम्ही?" आणि लगेच, "संशोधनानं सिद्ध झालंय!" मी 'कुठल्या?' एवढंच विचारतो. तेवढ्यानं चारचौघांत मी भांडकुदळ ठरतो.

रोजच्या आठ ग्लास पाण्याचंच घ्या. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळानं १९४५ साली दिवसाला अडीच लिटरचा आकडा दिला आणि सोबतच सांगितलं, की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी आकडा उचलला, वाक्य तिथंच ठेवलं. तेव्हापासून माणसं बाटली घेऊन हिंडताहेत आणि स्वच्छतागृह शोधताहेत.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग मात्र चॉकलेटचा. चॉकलेटनं वजन लवकर उतरतं, हे गाजलेलं संशोधन आपणच मुद्दाम फसवं रचलं होतं, असं जॉन बोहॅनन या पत्रकारानं २०१५ साली जाहीर केलं. माणसं खरी होती, आकडेही खरे. पण माणसं १५, मुदत तीन आठवडे, आणि मोजल्या किती गोष्टी? वजन, कोलेस्टेरॉल, झोप करत करत १८! एकेका मोजणीत निव्वळ योगायोगानं 'फरक पडला' असं दिसायची शक्यता ५ टक्के धरतात. लॉटरीची अशी १८ तिकिटं काढली, की एकतरी लागायची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. लागलं ते वजनाचं. झोपेचं लागलं असतं, तर चॉकलेट उशाशी गेलं असतं.

'धोका ५० टक्क्यांनी वाढतो' ऐकून चमचा गळतो. हजारात दोघांना होणारा आजार तिघांना झाला, तरी वाढ ५० टक्केच! मुळात धोका किती होता, ते कुणी सांगत नाही.

बरं, ही माहिती येते कुठून? बऱ्याचदा प्रश्नावलीतून: गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ किती वेळा, किती खाल्लात? इथं परवाचं जेवण आठवताना माणूस छताकडे बघतो. शिवाय नेमानं न्याहारी करणारा बहुधा व्यायामही करतो, सिगारेट टाळतो, वेळेवर झोपतो, श्रेय न्याहारीला. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले तर हा गुंता बराचसा सुटतो, पण वीस वर्षं सांगितलेलंच खाणारी माणसं आणायची कुठून?

समोरचा एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते असू दे. आमच्या साडूंना फरक पडला." किती किलोचा, किती दिवसांत, आणि त्याच सुमारास साडूंनी चालायलाही सुरुवात केली होती का, हे विचारेपर्यंत माझं जेवण गार झालेलं असतं.