फाइल पास, वाचणारा नापास

गेल्या महिन्यात एका अहवालाची पीडीएफ ॲक्सेसिबल, म्हणजे दृष्टिहीनांनाही नीट वाचता येईल अशी, करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ८० पानं, तक्तेच तक्ते, आणि ६४ तळटीपा. दोन दिवस टॅगांच्या झाडात घुसून बसले होते. (टॅग म्हणजे 'हे शीर्षक, हा तक्ता, ही तळटीप' असं सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या, पानावर न दिसणाऱ्या खुणा.) शीर्षकांच्या पातळ्या, तक्त्यांच्या शीर्ष-ओळी, चित्रांची वर्णनं, वाचनाचा क्रम, सगळं हाताने तपासलं. चेकर, म्हणजे फाइल नियमांत बसते का ते बघणारा प्रोग्रॅम, चालवला, हिरवी खूण आली. फाइल एका मित्राला पाठवली. तो दृष्टिहीन आहे आणि माझ्या तिप्पट वेगाने वाचतो. (म्हणजे ऐकतो. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बोलतो तेव्हा मला एक अक्षर कळत नाही.) दहा मिनिटांत त्याचा फोन: "अगं, यात शीर्षकंच नाहीत."

होती ना! पण त्याने फाइल फोनवर उघडली होती, आणि ते ॲप टॅगांकडे बघतच नव्हतं. संध्याकाळी त्याने तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडली, तर शीर्षकं सापडली. पण तळटिपेवर गेलं की मजकुरात होता तिथे परत येता येईना.

या तळटीपांचा मला खास राग आहे. पीडीएफ/यूए-१ म्हणजे आयएसओ १४२८९-१, ॲक्सेसिबल पीडीएफ कशी असावी याचं पहिल्यांदा २०१२ साली आलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाण. त्यात प्रत्येक 'नोट' टॅगला, म्हणजे तळटिपेच्या टॅगला, स्वतःचा वेगळा आयडी हवा असा नियम आहे. नसेल तर फाइल नापास. मी ६४ आयडी दिले. त्या आयडींचा माझ्या मित्राला काडीचाही उपयोग झाला नाही. वर गंमत अशी की पीडीएफ फॉरमॅटच्या नव्या आवृत्तीने, पीडीएफ २.० ने, तो 'नोट' टॅगच मोडीत काढून 'एफईनोट' नावाचा नवा आणलाय. पीडीएफ २.० आलं २०१७ साली, त्यावर उभं असलेलं पीडीएफ/यूए-२ आलं २०२४ साली, आणि मी रोज वापरते त्या प्रोग्रॅममधून आजही जुन्या पीडीएफ १.७ चीच फाइल बाहेर पडते.

या क्षेत्रातल्या लोकांशी बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं: "फाइल बरोबर आहे, वाचणारं सॉफ्टवेअर चुकीचं आहे." अगदी खरं आहे. पण ज्याला उद्याच्या बैठकीआधी अहवाल वाचायचाय, त्याने या खऱ्याचं काय करायचं?

पीडीएफ/यूए-१ फक्त फाइलबद्दल बोलतं असा बहुतेकांचा समज आहे, माझाही होता. पण त्यात फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने काय करायला हवं याचं वेगळं प्रकरण आहे, आणि स्क्रीन रीडरसारख्या सहायक तंत्रज्ञानाने काय करायला हवं याचंही. म्हणजे प्रमाण लिहिणाऱ्यांना साखळी पूर्ण दिसत होती. पण तपासणी होते ती पहिल्या कडीची. काम देणारे माझ्याकडे चेकरचा रिपोर्ट मागतात. "तुमचं ॲप टॅग वाचतं का?" असं कुणी ॲप बनवणाऱ्याला विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

बरं, चेकर तरी किती बघतो? मॅटरहॉर्न प्रोटोकॉल नावाची यादी आहे, पीडीएफ/यूए-१ मध्ये फाइल कुठेकुठे चुकू शकते याची. त्यात १३६ चुका नोंदवल्यात, आणि त्यांतल्या ४७ ओळखायला साधारणपणे माणूसच लागतो. चित्राला वर्णन आहे की नाही एवढं मशीन सांगतं. वर्णनात 'चित्र १' एवढंच लिहिलं असेल तरी त्याची हरकत नसते.

देवनागरीवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. 'कि' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो, पण पानावर वेलांटी आधी दिसते. फाइलमध्ये अक्षरांच्या आकृत्या जशा मांडल्या त्याच क्रमाने मजकूर उचलला गेला, तर स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी बोलतो. त्यावर 'ॲक्च्युअलटेक्स्ट' हा उपाय प्रमाणात आहे: आकृत्या काहीही असोत, खरा मजकूर हा, असं फाइलमध्ये सांगता येतं. पण ते वाचणारं सॉफ्टवेअर समोरच्याकडे असणं हा नशिबाचा भाग.

वेबवाल्यांनी निदान ही अडचण कबूल केली होती. डब्ल्यूसीएजी २.०, वेबसाइट ॲक्सेसिबल कशा कराव्यात याचं २००८ सालचं प्रमाण. त्यात एक अट आहे: तंत्रज्ञान अशाच पद्धतीने वापरा, जिला वापरणाऱ्यांच्या सहायक साधनांचा प्रत्यक्षात पाठिंबा आहे. नुसतं लिहून ठेवलंय म्हणून चालणार नाही. ही अट मी क्वचितच कुणाच्या तोंडी ऐकलीय. त्यातलाच रंगांच्या कॉन्ट्रास्टचा नियम मात्र सगळ्यांना पाठ.

मग प्रमाणाला बगल देऊन, समोरचं ॲप जसं वागतं तशी फाइल वाकवायची का? मी केलंय तेही. एकदा तळटीपा उचलून थेट परिच्छेदात कंसात घातल्या. ऐकायला छान झालं, पण चार महिन्यांनी अहवालाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ते सगळं उसवायला दीड दिवस गेला. शिवाय एका ॲपसाठी वाकवलेली फाइल दुसऱ्यात आणखी वाकडी होते. म्हणून टॅग नीटच लावायचे या मताची मी अजूनही आहे. फक्त हिरव्या खुणेवर काम संपलं असं समजू नये. फाइल निदान दोन प्रोग्रॅममध्ये आणि एका फोनवर, स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी, आणि त्या वेळेचे पैसे त्याला द्यावेत. तो आपला मित्र असला तरी. (हो, मीही आजवर फुकटच राबवलंय त्याला.)

आणि पीडीएफच्या जोडीला एचटीएमएल किंवा वर्ड फाइल द्यावी. यावर "मग पीडीएफ ॲक्सेसिबल करायचीच कशाला?" असं विचारणारे भेटतात. कारण लोक पुढे पाठवतात ती पीडीएफच, दुसरी फाइल मागे राहते. आणि कधी कुणी ती पीडीएफ उघडून 'प्रिंट टू पीडीएफ' करून पाठवतो, की माझे दोन दिवसांचे टॅग तिथेच गळून पडतात.

परवा त्याच मित्राला दुसरा एक अहवाल पाठवला. सगळं तपासून, दोन प्रोग्रॅममध्ये उघडून बघून. त्याचं उत्तर लगेच आलं, फाइल उघडायच्याही आधी: "मूळ वर्ड फाइल आहे का गं?"

पाठवली.