स्क्रग्ज यांनी नुसता वेग वाढवला?

नमस्कार. अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्यावरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण पहिला मुद्दा बिनतोड. स्क्रग्ज यांना तीन बोटांच्या बँजोवादनाचे ‘जनक’ म्हणणं चूकच. लेखातला तो शब्द काढला आहे. १९२४ साली ते नॉर्थ कॅरोलायनात जन्मले, त्या पट्ट्यात स्मिथ हॅमेट आणि पुढे स्नफी जेंकिन्स तीन बोटांनीच वाजवत.

पण ‘मग स्क्रग्जने केलं काय, नुसता वेग वाढवला’ हे मान्य नाही. वेग सरावाने येतो.

पाच तारांचा हा बँजो बहुधा जी, डी, जी, बी, डी असा लावतात. पहिला जी म्हणजे आखूड पाचवी तार. तिची खुंटी पाचव्या पडद्यापाशी असते आणि ती सतारीच्या चिकारीसारखी खुलीच वाजत राहते. अंगठ्याला प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूच्या. एका रोलमध्ये, म्हणजे उजव्या हाताच्या बोटांच्या ठरावीक आवर्तनात, आठ स्वर, बोटं तीन. त्यामुळे तीन-तीन-दोन असे तुकडे पडतात आणि वजन ठेक्याच्या आडून सरकतं. इथवर जुन्यांकडेही होतं. स्क्रग्ज यांनी त्या आठांतून गाण्याची चाल स्वच्छ बाहेर काढली: चालीचा स्वर जोरात, बहुतेकदा अंगठ्याने, आणि बाकीचे त्याच्याभोवती हलके.

नवशिके इथेच फसतात. आठही स्वर सारख्या जोराने पडले की चाल बुडते आणि शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून आधी फक्त चाल वाजवावी, मग मधले स्वर भरावेत. वेगाचं नाव शेवटी.

१९४९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्यांचं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ घ्या. उजव्या हाताचा क्रम तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा. तारा २-१-२-१-५-२-१-५. म्हणजे अंगठ्याला पाचवी तार सोडून दुसरीपर्यंत खाली यावं लागतं. तिथे तो अडखळला की सगळंच घसरतं. डावं बोट त्याच वेळी दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर आपटतं. (गंमत अशी की बँजो ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतो तेव्हा त्यांचे साथीदार लेस्टर फ्लॅट यांची गिटार ई मेजर वाजवते. ती टक्कर आता कानाला हवीशीच वाटते.)

त्यांच्याच ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्ये दुसरी तार वाजता वाजता बी वरून ए वर उतरते आणि परत चढते. साध्या खुंटीने ती नेमकी परतेलच असं नाही, म्हणून त्यांनी खुंट्यांजवळ तारेला ढकलणारे छोटे खटके बसवले. याला वेग म्हणायचं?

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतशैलीचं बिल मन्रो यांचं श्रेय लेखाने स्क्रग्ज यांना दिल्याचा आरोप मात्र गैरसमजातून आहे. ‘ब्लूग्रास’ हे नावच मन्रोंच्या वाद्यवृंदाचं. स्क्रग्ज त्यात डिसेंबर १९४५ ते १९४८ च्या सुरुवातीपर्यंतच होते, त्यांच्याआधी तिथे बँजोही होता, स्ट्रिंगबीन यांचा, जुन्या वळणाचा. १९४६-४७ च्या ध्वनिमुद्रणांत जो घाट पक्का झाला तो दोघांचा, असंच लेखात आहे. १९६९ नंतर मुलांसोबत विजेची वाद्यं घेऊन वाजवणं तुम्हाला ‘भरकटणं’ वाटतं. आवडीनिवडीचा प्रश्न आहे, पण उजव्या हातातला रोल तोच राहिला.

आणि नाही, गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो हा नव्हे. तो बुलबुलतरंगाच्या कुळातला, कळा दाबून वाजवायचा. स्क्रग्ज यांच्या बँजोला गोल पोट, त्यावर ताणलेलं कातडं आणि त्यावर घोडी.